अंथरूण कुणाचे, पाय कुणाचे?

इंग्लंडला जाणारी आपली माणसे लंडन पाहतात, वेळ असला तर स्कॉटलंडकडे एक फेरी मारतात. मँचेस्टरला मुलाकडे किंवा भाचीकडे महिनाभर राहून आलेली मंडळीही ओल्ड ट्रॅफर्डच्या दारात फोटो काढून परततात. त्या शहरापासून अर्ध्या-पाऊण तासावर असलेली बेरी, बोल्टन, डार्वेन, ब्लॅकबर्न ही लँकशायरमधली गिरण्यांची गावे मात्र कुणाच्याच यादीत नसतात. २०२५ च्या ऑक्टोबरात दोन दिवस सवड मिळाली, तेव्हा मी मुद्दाम तिकडे गेलो.

या गावांत पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. उंच धुराडी, लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, पावसाने सदा ओले रस्ते आणि प्रत्येक गावाचे एक फुटबॉल मैदान. पण कुठेही चहाला बसा, हवापाण्याच्या गप्पा संपल्या की विषय निघतो तो क्लबच्या जमाखर्चाचा. आपल्याकडे क्रिकेटवाले धावांची सरासरी सांगतात, तशी इथली साधी माणसे तीन वर्षांचा तोटा, पगाराची टक्केवारी आणि कापलेले गुण तोंडपाठ सांगतात. त्यांच्या बोलण्यात राग असतो, थोडी थट्टा असते आणि बरीचशी भीती असते.

हा राग समजून घ्यायला आपल्याला दूर जायला नको. आपल्या घरांत दोन्ही भाषांतून ऐकलेली एक म्हण आहे. आजी मराठीत सांगायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत. शेजारच्या अज्जी कन्नडात तेच सांगायच्या, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांना लावलेले खर्चाचे नियम म्हणजे हीच म्हण, वकिलांनी शेकडो पानांत लिहून काढलेली. म्हणीत चूक काहीच नाही. पण लँकशायरमधला माणूस विचारतो की अंथरुणाची लांबी ठरवणार कोण?

पहिल्या दिवशी मँचेस्टरहून ट्रामने बेरीला गेलो. स्पेलिंग पाहून आपल्याला ‘बुरी’ वाचावेसे वाटते, पण गाव तसे नाही. ट्राम थांबते तिथून जवळच जॉन के याच्या नावाची बाग आहे. बेरीजवळच जन्मलेल्या या माणसाने १७३३ मध्ये धावत्या धोट्याचे पेटंट घेतले आणि हातमागाचा वेग वाढवला. ज्यांनी लहानपणी शहापूर, वडगाव किंवा खासबागेच्या गल्ल्यांतून जाताना मागांचा खडखडाट ऐकला आहे, त्यांना इथे थोडा वेळ उभे राहावेसे वाटेल. मराठीत माग, कन्नडात मग्ग. त्या दोन्हींच्या इतिहासात या लहानशा इंग्रजी गावाचा वाटा आहे.

गावाच्या दक्षिणेला गिग लेन नावाचे मैदान आहे. बेरी फुटबॉल क्लब १८८५ साली स्थापन झाला. इंग्लंडमधला सर्वांत जुना फुटबॉल करंडक, म्हणजे एफ. ए. कप, या क्लबाने १९०० आणि १९०३ मध्ये जिंकला. १९०३ चा अंतिम सामना त्यांनी डर्बीविरुद्ध ६-० असा जिंकला होता. इतक्या मोठ्या फरकाने अंतिम सामना नंतर जिंकला तो थेट २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने. आणि नेमक्या त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेरीचा क्लब लीगमधून काढून टाकला गेला.

झाले असे की मालकांनी क्लबच्या कुवतीबाहेर पगार कबूल केले. खालच्या श्रेणीच्या क्लबांना तेव्हाही नियम होता. पगाराचा खर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांतच बसला पाहिजे, असा तो नियम. पण मालकाने घातलेला पैसाही ‘उत्पन्न’ म्हणून मोजला जाई. म्हणजे काकांनी उसने दिलेले अंथरूण आपलेच समजायचे आणि पाय पसरायचे. काकांनी ते काढून घेतले की फरशीवर. २०१९ च्या वसंतात संघाने वरच्या श्रेणीत बढती मिळवली, तेव्हा खेळाडूंचे पगार थकलेले होते. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, क्लब अवघ्या एका पौंडाला नव्या मालकाकडे गेला होता. कर्ज फेडण्याची खात्री लीगला देता आली नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी १२५ वर्षांचे सभासदत्व संपले. त्या दिवशी शेकडो माणसे झाडू आणि बादल्या घेऊन गिग लेनवर आली होती. क्लब वाचेल आणि सामना होईल या आशेने त्यांनी खुर्च्या पुसल्या, गवत काढले. रात्री हकालपट्टीची बातमी आली.

मी गेलो तेव्हा सामना नव्हता. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गृहस्थ कुत्रा फिरवत होते. खर्चाच्या नियमांवर त्यांचे मत विचारले. ते म्हणाले, “लोक म्हणतात नियम फार कडक आहेत. आमच्या वेळी ते कडक असते, तर बरे झाले असते.” एवढे बोलून ते पुढे गेले. हे वाक्य मी लक्षात ठेवले, कारण दुसऱ्या दिवशी नेमके उलटे ऐकायला मिळणार होते.

ब्लॅकबर्नची गाडी मँचेस्टर व्हिक्टोरिया स्थानकावरून सुटते. वाटेत बोल्टन लागते. बोल्टनचा क्लबही २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या दारात होता. बेरीची हकालपट्टी झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवा मालक मिळून तो वाचला. पुढे डोंगराळ माळ लागतो आणि मग डार्वेन. तिथे खिडकीतून तीनशे फूट उंचीचे एक देखणे धुराडे दिसते. एखाद्या इटालियन मनोऱ्यासारखे ते बांधलेले आहे. त्या गिरणीचे नावच ‘इंडिया मिल’. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला आलेले महात्मा गांधी सप्टेंबर १९३१ मध्ये याच डार्वेनला राहून गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचा रोजगार गेला होता, त्याच गिरणीकामगार बायकांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. त्याचे छायाचित्र आपण पाठ्यपुस्तकांत पाहिलेले असते. हजारो मैलांवर घेतलेल्या निर्णयाने आपल्या घरची चूल कशी हलते, हे या गावांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

ब्लॅकबर्नमध्ये उतरल्यावर टॅक्सी केली. चालकाचे आजोबा भरुचकडचे. या भागात गुजरात आणि पाकिस्तानातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे हिंदीत गप्पा सुरू झाल्या. “बेळगाव म्हणजे पुण्याजवळ का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, जवळ म्हणजे साडेतीनशे किलोमीटर, शिवाय राज्य वेगळे. आता राज्याचा विषय त्यांना कुठून समजावून सांगणार! ते म्हणाले, “राज्य कुठलेही असू दे, आमचे मालक तुमच्याच बाजूचे.”

ते खरे होते. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. अंडी, कोंबड्या आणि पोल्ट्रीच्या धंद्यामुळे आपल्याकडे घराघरांत माहीत असलेले हे नाव आता लँकशायरमधल्या घराघरांतही माहीत आहे; मात्र ते काढताना माणसे सुस्कारा टाकतात.

पण तिथवर येण्याआधी या गावाची जुनी हकिगत सांगायला हवी, कारण खर्चाच्या नियमांचे भांडण इथे दीडशे वर्षांचे आहे. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ हरवला. विणकर आणि कारखान्यांतले मजूर असलेल्या संघाने उमरावांच्या शाळेतल्या मुलांना हरवण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा नियम असा होता की खेळाडूला खेळण्याचे पैसे द्यायचे नाहीत. जमीनदाराच्या मुलाला त्याने काय फरक पडणार? गिरणीतल्या मजुराची मात्र खेळायला गेला की रोजी बुडायची. म्हणून लँकशायरचे क्लब गुपचूप पैसे देत, पकडले जात आणि शिक्षा भोगत. अखेर १८८५ मध्ये पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली. नियम सर्वांना सारखा दिसला, तरी त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, हे ब्लॅकबर्नला तेव्हाच कळले.

पुढे १९०१ मध्ये दुसरा नियम आला. कुठल्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक पगार द्यायचा नाही. ही मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांवर आली आणि जानेवारी १९६१ मध्ये रद्द झाली. खेळाडूंच्या दृष्टीने ती अन्यायाचीच होती. भरलेल्या मैदानाचे उत्पन्न क्लबाकडे आणि खेळाडूला कारागिराइतका पगार! पण तिची एक बाजू चाहते आजही सांगतात. लंडनचा श्रीमंत क्लब आणि गिरणीच्या गावातला क्लब सारखाच पगार देत, म्हणून चांगला खेळाडू गाव सोडत नसे. १९६० मध्ये शेजारच्या बर्नलीने लीग जिंकली, त्याच वर्षी ब्लॅकबर्न एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात होते. मर्यादा उठली आणि या गावांचे दिवस हळूहळू फिरले.

ते परत आणले एका माणसाने. जॅक वॉकर हे ब्लॅकबर्नचेच. पोलादाच्या व्यापारात मोठे झाले, १९८९ मध्ये कंपनी विकली आणि १९९१ मध्ये लहानपणापासून पाहिलेला क्लब ताब्यात घेतला. मैदान नव्याने बांधले. १९९२ मध्ये ॲलन शिअररला ३३ लाख पौंडांहून अधिक रक्कम देऊन आणले, तो तेव्हा ब्रिटनमधला विक्रम होता. १९९४ मध्ये ख्रिस सटनला ५० लाख पौंड देऊन आणले. १४ मे १९९५ रोजी ब्लॅकबर्न लिव्हरपूलमध्ये शेवटचा सामना हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडलाही जिंकता आले नाही आणि एका गुणाने प्रीमियर लीगचे विजेतेपद या लाखभर वस्तीच्या गावाला मिळाले. वॉकर २००० मध्ये वारले. ईवुड पार्क मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. पायथ्याशी फुले होती. ताजी होती.

पुतळ्यापाशी उभे राहून टॅक्सीचालक म्हणाले, “आज वॉकरसाहेब असते, तर त्यांना पैसा खर्चूच दिला नसता.”

या वाक्यात चाहत्यांची सगळी तक्रार आहे. २०१३ पासून प्रीमियर लीगने ठरवले की क्लबाला तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा चालणार नाही. त्याखालच्या श्रेणीत, जिथे ब्लॅकबर्न खेळते, २०१६ पासून ही मर्यादा ३ कोटी ९० लाख पौंड झाली. मैदानाचे बांधकाम, मुलांचे प्रशिक्षण आणि महिला फुटबॉल यांवरचा खर्च यातून वगळतात. मर्यादा तोट्याची असल्यामुळे ज्याचे उत्पन्न मोठे त्याला खर्चही मोठा करता येतो. जगभर शर्ट विकणारा मँचेस्टर युनायटेड आणि ब्लॅकबर्न यांना एकच म्हण लागू; फक्त एकाचे अंथरूण दिवाणखान्याएवढे आणि दुसऱ्याचे सतरंजीएवढे. सतरंजीवाल्याला कुणी चांगल्या मनाने गादी दिली, तर ती मात्र मोजायची नाही. १९०१ ची मर्यादा सर्वांना एकच होती, ही मर्यादा प्रत्येकाच्या ऐपतीची. या दोन्हींतला फरक ब्लॅकबर्नचा माणूस अर्थशास्त्र न शिकता सांगतो.

पुण्याच्या मालकांच्या काळात गावाने नियमाची दुसरी बाजूही पाहिली. त्यांनी आल्या आल्या अनुभवी प्रशिक्षकाला काढले आणि २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्याच मे महिन्यातल्या निर्णायक सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांच्या धंद्यावरचा तो टोमणा होता. डिसेंबर २०१४ मध्ये तोटा ८० लाख पौंडांच्या तेव्हाच्या मर्यादेबाहेर गेल्याचे जाहीर झाले आणि जवळजवळ वर्षभर खेळाडू विकत घेण्यावर निर्बंध आला. मालक पैसे घालत होते, नियम घालू देत नव्हता आणि चुका करणारे मालक तसेच राहिले. शिक्षा भोगली ती तिकीट काढून येणाऱ्याने. पुढे २०२३ मध्ये पुण्याहून पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागण्याची वेळ आली. लँकशायरमधली माणसे तेव्हा दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा लिहून ठेवत. गांधीजी डार्वेनला आले तेव्हाही त्यांच्या रोजगाराचा धागा हिंदुस्थानात होता!

या हिशेबाचा एक तपशील घरच्या माणसालाही समजेल असा आहे. दोन कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या कराराने घेतला, तर हिशेबात दरवर्षी चाळीस लाखच खर्च दिसतो. उलट, लहानपणापासून आपल्याच मैदानावर वाढवलेला मुलगा विकला की आलेली सगळी रक्कम एकदम नफा. म्हणजे ताळेबंद सुधारायचा सर्वांत सोपा उपाय कोणता, तर गावचा मुलगा विकणे. ॲडम व्हार्टन ब्लॅकबर्नमध्ये जन्मला आणि पोरवयापासून याच क्लबात शिकला. २०२४ च्या सुरुवातीला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने सुमारे १ कोटी ८० लाख पौंड देऊन त्याला नेले. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, त्याने त्यांच्यासाठी एफ. ए. कप जिंकला. क्लबाला पैशाची गरज होतीच, पण हिशेबाची रीतही अशा विक्रीलाच बक्षीस देते. घर चालवायला शेतातले बी विकावे, तसे हे.

शिक्षेतही चाहत्यांना समानता दिसत नाही. इथून तासाभरावर असलेल्या लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबाने मर्यादा १ कोटी ९५ लाख पौंडांनी ओलांडली, म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे दहा गुण कापले. अपिलात ते सहा झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गेले. चाहत्यांनी मैदानावर ‘भ्रष्ट’ असा शब्द छापलेली हजारो गुलाबी कार्डे उंच धरली. मँचेस्टर सिटीवर शंभराहून अधिक आरोप फेब्रुवारी २०२३ मध्येच ठेवले होते. त्यांची सुनावणी सुरू झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. आरोप किचकट आहेत, वेळ लागणार, हे खरे. पण लहान चोरीचा निकाल आठवड्यात आणि मोठ्या दाव्याला वर्षे, हा अनुभव ज्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला वेगळा सांगायला नको.

मग नियमच नकोत का? ब्लॅकबर्नमध्ये हे ऐकताना मला बेरीचे कुत्रेवाले गृहस्थ आठवत होते. दोन गावांत अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांचे. एक म्हणते नियमाने आमचे हात बांधले, दुसरे म्हणते नियम सैल होता म्हणून आम्ही बुडालो. दोघेही खरे बोलतात. कारण दोन्हीकडे नियमाने पाहिले ते फक्त आकडे. मालकाने घातलेला पैसा देणगी आहे की उद्या मागायचे कर्ज, हे कुणी पाहिले नाही. मालक गावाशी बोलतो का, त्याच्यानंतर क्लब कोण सांभाळणार, हेही नाही. ब्लॅकबर्नच्या महिला संघाचेच उदाहरण घ्या. महिला फुटबॉलवरचा खर्च मर्यादेत मोजत नाहीत, म्हणजे नियम आड येत नव्हता. तरीही मे २०२५ मध्ये क्लबाने वरच्या श्रेणीसाठी लागणारा खर्च नाकारला आणि संघ दोन पायऱ्या खाली गेला. वॉकरसारख्याला अडवणारा नियम इथे उपयोगाचा नव्हता, कारण इच्छा मोजायची पट्टी कुठल्याच ताळेबंदात नसते.

बदल होत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी तोट्याचा जुना नियम सोडून २०२६-२७ च्या हंगामापासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत ठेवायचे ठरवले. पट्टी बदलली तरी अंथरूण ज्याचे त्याचेच राहिले. तळाच्या क्लबाला प्रक्षेपणातून जे मिळते त्याच्या पाचपटीहून अधिक खर्च कुणीच करू नये, असा एक प्रस्तावही त्याच बैठकीत होता. तो सर्वांना एकच अंथरूण देणारा होता. तो फेटाळला गेला.

त्याहून मोठी गोष्ट जुलै २०२५ मध्ये झाली. फुटबॉलसाठी सरकारी कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला गेला. क्लबाला परवाना लागेल, मालकाची पारख होईल, मैदान विकण्यासारख्या निर्णयांत चाहत्यांना विचारावे लागेल. बेरी बुडाले नसते, तर हा कायदा इतक्या लवकर आला नसता.

आणि बेरीचे काय झाले? २०२२ मध्ये चाहत्यांनी सरकारी मदत आणि स्वतःचे पैसे जमवून गिग लेन परत घेतले. २०२३ पासून त्यांच्या मालकीचा क्लब तिथे पुन्हा खेळू लागला, तोही नवव्या पायरीवर, जिथे एरवी दोन-तीनशे प्रेक्षक जमतात. बेरीत तीन हजारांवर जमले. २०२५ मध्ये एक पायरी वर चढले. सभासदाने वर्गणी भरली की एक मत. कुणाची वर्गणी मोठी म्हणून मत मोठे नाही.

मँचेस्टरला जाणाऱ्या आपल्या मंडळींना एवढेच सुचवेन. एक शनिवार बेरीसाठी ठेवा. ट्राम अर्ध्या तासात पोचते, सामन्याचे तिकीट ओल्ड ट्रॅफर्डच्या मानाने नगण्य आहे, आणि दुपारी आधी मार्केटात फिरून मग सामना पाहता येतो. शेजारी बसलेल्या कुणालाही २०१९ विषयी विचारा. सामना सुरू असला तरी उत्तर मिळेल.